दोन वेगळ्या कंपन्यांच्या वेब अ‍ॅपमध्ये वापरकर्त्याची ओऑथ परवानगी कशी वाटून घ्यायची? (गूळ मार्केटमधलं काम)

उद्यमनगर_कोडर | सोमवार, सकाळी १०:२०

मंडळी, नेमका सल्ला हवा आहे. शाहू मार्केट यार्डातल्या गूळ अडत्यांसाठी एक वेब अ‍ॅप चालतं. सौदा झाला की शेतकऱ्याचं नाव, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी देय रक्कम अशी हिशोबपट्टी त्यात तयार होते. अडत्याने स्वतःच्या गूगल खात्यातून ओऑथने, म्हणजे पासवर्ड न सांगता, परवानगी दिलेली असते, त्यामुळे पट्टी त्याच्याच ड्राइव्हमधल्या शीटमध्ये उतरते. आता त्याच अडत्यांनी दुसऱ्या कंपनीचं जीएसटी आणि हिशोबाचं अ‍ॅप घेतलंय. त्याला रोज रात्री ११ वाजता दिवसभराच्या पट्ट्या पाहिजेत.

पहिल्याला 'पट्टी अ‍ॅप' म्हणू, दुसऱ्याला 'जीएसटी अ‍ॅप'. मालक वेगळे, सर्व्हर वेगळे, गूगलकडचे क्लायंट आयडी (अ‍ॅपची नोंदणीची ओळख) वेगळे. अडत्ये म्हणतात, एकदा परवानगी दिलीय, परत परत गूगलचं पान दाखवू नका. जीएसटीवाले म्हणतात, रिफ्रेश टोकन (परवानगीची दीर्घ मुदतीची डिजिटल चावी) तुमच्याकडे पडूनच आहे, ते आम्हाला द्या. आयपीचं बंधन (ठरावीक सर्व्हरच्या पत्त्यावरूनच प्रवेश), एपीआय की (एका अ‍ॅपने दुसऱ्याकडून डेटा मागायच्या दाराची किल्ली), सगळ्याला त्यांची तयारी आहे. टोकन देऊ नये हे कळतंय, पण मग द्यायचं काय? आणि नाही म्हणताना कारणं पक्की सांगता आली पाहिजेत.

शिरोली_नाका | सोमवार, सकाळी ११:०५

कारणं इस्कटून सांगतो, म्हणजे त्यांच्यापुढे ठेवता येतील.

रिफ्रेश टोकन मोकळं नसतं. ज्या क्लायंट आयडीला ते दिलं, त्याच क्लायंटने ते वापरायचं आणि ऑथ सर्व्हरने (टोकन देणाऱ्या सर्व्हरने, इथं गूगलने) ते तपासायचं, हे आरएफसी ६७४९ मध्ये, म्हणजे ओऑथच्या प्रमाण दस्तऐवजात, २०१२ पासून स्पष्ट आहे. म्हणजे जीएसटीवाल्यांना नुसतं टोकन देऊन भागणार नाही, तुमचं क्लायंट सीक्रेटही (अ‍ॅपचा पासवर्ड) द्यावं लागेल. आणि सीक्रेट एकदा गेलं की फक्त त्या अडत्यापुरतं नाही, तुमच्या सगळ्या अडत्यांच्या बाबतीत ते 'तुम्ही' होऊन बसतात. आयपीचं बंधन तुमच्या आणि त्यांच्या सर्व्हरच्या मध्ये लागेल. गूगलच्या दारात त्याचा उपयोग शून्य.

दुसरं म्हणजे परवानगी मागे घेणं. अडत्या गूगल खात्यात जाऊन जोडलेली अ‍ॅप बघेल तेव्हा तिथं एकच नाव दिसेल, तुमचं. जीएसटी अ‍ॅप नको झालं तर काढणार काय? तुम्हालाच काढावं लागेल आणि पट्ट्या लिहिणंही बंद पडेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या कलम ६ मध्ये संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे अशी अपेक्षा आहे. टोकन वाटून घेतलं तर ती पाळणं अशक्य आहे.

बाजार समितीचं अडतीचं लायसन्स जसं नावावर असतं आणि शेजारच्या गाळेवाल्याला वापरायला देता येत नाही, तसंच हे. टोकन तुमच्या नावावर आहे.

रंकाळा_०९ | सोमवार, सकाळी ११:४०

रिफ्रेश टोकन राहू दे. अ‍ॅक्सेस टोकन (रिफ्रेश टोकन देऊन मिळणारी, प्रत्यक्ष डेटा वाचायची तात्पुरती चावी) दिलं तर? ते तासाभरात मरतंच की. रात्री ११ ला पट्टी अ‍ॅपने ताजं अ‍ॅक्सेस टोकन काढायचं आणि जीएसटी अ‍ॅपच्या एका यूआरएलवर पाठवायचं.

शिरोली_नाका | सोमवार, दुपारी १२:१५

@रंकाळा_०९ भावा, धोका कमी होतो हे खरं, पण घोळ तोच राहतो. गूगलचं अ‍ॅक्सेस टोकन साधारण ३५९९ सेकंद चालतं आणि ते बेअरर आहे, ज्याच्या हातात त्याचं. तुमच्याकडे शीटमध्ये लिहायचा स्कोप (परवानगीची व्याप्ती) असेल तर त्या तासाभरात जीएसटी अ‍ॅपही लिहू शकतं, पुसू शकतं. वाचायला म्हणून दिलं आणि लिहिण्याचा हक्क गेला. गूगलच्या लेखी ते सगळं तुम्ही केलं.

आणि यूआरएलमध्ये तर कधीच पाठवू नका. क्वेरी स्ट्रिंगमधलं (यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हानंतरचं) टोकन एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये उतरतं, ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहतं, पुढच्या पानाला रेफररमधून (आधीच्या पानाच्या पत्त्यातून) जातं. आरएफसी ९७०० मध्ये, म्हणजे जानेवारी २०२५ च्या सुरक्षा मार्गदर्शनात, हे थेट वर्ज्य केलंय.

आणखी एक. समोरून आलेल्या अ‍ॅक्सेस टोकनवर जीएसटी अ‍ॅपने 'हा अमुक अडत्या' असं मानून लॉगिन दिलं, तर भलत्याच तिसऱ्या अ‍ॅपसाठी काढलेलं टोकन आणूनही कुणी आत शिरेल. लॉगिनसाठी आयडी टोकन (वापरकर्ता कोण ते सांगणारं) लागतं आणि त्यातली ऑडियन्स (ते कुणासाठी काढलंय) आपलाच क्लायंट आयडी आहे का ते तपासावं लागतं.

पंचगंगा_घाट | सोमवार, दुपारी १२:५०

टोकन वाटून घेतल्यावर प्रत्यक्षात काय मोडतं ते एका उदाहरणात बघा. गूगल रिफ्रेश टोकन दर वेळी बदलत नाही, पण बरेच ऑथ सर्व्हर बदलतात, त्याला रोटेशन म्हणतात. दोन्ही अ‍ॅपकडे टोकन 'क' आहे असं धरा.

११:०० ला पट्टी अ‍ॅप 'क' देतं. बदल्यात नवं अ‍ॅक्सेस टोकन आणि नवं रिफ्रेश टोकन 'ख' मिळतं. 'क' बाद.
११:०२ ला जीएसटी अ‍ॅप त्याच्याकडचं जुनं 'क' देतं.
ऑथ सर्व्हर बघतो की बाद झालेलं टोकन परत आलंय, म्हणजे कुणीतरी चोरलंय. तो 'क' पासून निघालेली सगळी साखळी रद्द करतो, 'ख' सकट.
१२:०० ला पट्टी अ‍ॅप 'ख' देतं आणि उत्तर येतं 'इनव्हॅलिड ग्रँट' (परवानगी बाद).

सर्व्हरचं काहीच चुकलेलं नाही. चोरी अशीच पकडायची असते. पण दोन्ही अ‍ॅपचे लोक एकमेकांच्या लॉगमध्ये चूक शोधत बसतात आणि सापडत नाही, कारण दोघांचा कोड आपापल्या जागी बरोबर असतो.

एकाच अ‍ॅपच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन वर्करमध्येही (प्रक्रियांमध्येही) हे होतं. तिथं उपाय सोपा: डेटाबेसमधल्या टोकनच्या ओळीवर लॉक घ्या, लॉक मिळाल्यावर ओळ परत वाचा, मुदत अजून शिल्लक असेल तर रिफ्रेश करूच नका. परत वाचायची पायरी लोक गाळतात, मग लॉक असून नसल्यासारखं.

रंकाळा_०९ | सोमवार, दुपारी १:३०

बरं, मग दोन्ही क्लायंट आयडी गूगलच्या एकाच प्रोजेक्टखाली घेतले तर? एकाला दिलेला स्कोप दुसऱ्याला परत विचारला जात नाही असं गूगलचं धोरण आहे.

ताराराणी_चौक | सोमवार, दुपारी २:१०

आहे तसं. पण ते एकाच मालकाच्या वेब, अँड्रॉइड, आयओएस अशा आवृत्त्यांसाठी. गूगल प्रोजेक्टलाच 'अ‍ॅप' धरतं: संमतीच्या पानावरचं नाव, प्रायव्हसी पॉलिसी, पडताळणी झालेलं डोमेन सगळं प्रोजेक्टचं. दोन कंपन्या एका प्रोजेक्टमध्ये आल्या की अडत्याला एकच नाव दिसतं आणि कोटाही (वापराची मर्यादा) एकच. वर शिरोली_नाका दादांनी मांडलेला परवानगी मागे घेण्याचा प्रश्न तसाच उरतो.

गूगलमधूनच जायचं असेल तर जीएसटी अ‍ॅपने स्वतःची परवानगी स्वतः मागावी. अडत्याला पान एकदाच दिसतं. परत परत दिसत असेल तर ते बांधणाऱ्याचं काम कच्चं राहिलंय. यात अडकायच्या जागा सांगते.

स्कोप निवडताना 'ड्राइव्ह डॉट फाइल' घ्या. तो संवेदनशील गटात मोडत नाही. 'स्प्रेडशीट्स' संवेदनशील आहे. पूर्ण 'ड्राइव्ह' किंवा 'ड्राइव्ह डॉट रीडओन्ली' प्रतिबंधित गटात, आणि सर्व्हरवर डेटा येणार असेल तर दर वर्षी सुरक्षा तपासणी मागे लागते. पण 'ड्राइव्ह डॉट फाइल' म्हणजे त्या अ‍ॅपने स्वतः तयार केलेल्या किंवा वापरकर्त्याने त्या अ‍ॅपमधून उघडून दिलेल्या फाइलीच. पट्टी अ‍ॅपने केलेली शीट जीएसटी अ‍ॅपला दिसत नाही. मालक तोच अडत्या असला तरी उत्तर ४०४ (सापडलं नाही) येतं. ४०३ (मनाई) नाही, ४०४, म्हणून लोक फाइल आयडी चुकला समजून तासन्‌तास घालवतात.

त्यावर उपाय गूगल पिकर (ड्राइव्हमधली फाइल निवडायची गूगलची खिडकी). जीएसटी अ‍ॅपमध्ये पिकर उघडायचा, अडत्याने शीटवर बोट ठेवायचं, संपलं. मात्र पिकरला 'सेट अ‍ॅप आयडी'मध्ये प्रोजेक्ट नंबर द्यायचा आणि क्लायंट आयडी त्याच प्रोजेक्टचा हवा. तो दिला नाही तर पिकर छान उघडतो, फाइल निवडली जाते, फाइल आयडीही मिळतो आणि वाचायला गेलं की परत ४०४.

पट्टी अ‍ॅप दर महिन्याला नवीन शीट करत असेल तर १ तारखेला जीएसटी अ‍ॅप आंधळं होणार. वर्षाची एकच शीट करून महिन्याचा टॅब ठेवा. शीटची मर्यादा १ कोटी सेल आहे, २० रकाने धरले तरी ५ लाख ओळी. रिकामे सेलही त्यात मोजले जातात, म्हणून टॅब करताना उगीच हजारो ओळी वाढवून ठेवू नका.

उद्यमनगर_कोडर | सोमवार, दुपारी ३:००

@ताराराणी_चौक ताई, हे उपयोगाचं आहे. पण एक अडचण सांगायची राहिली. शीटमध्ये शेतकऱ्याचा मोबाईल आणि बँक खाते क्रमांकही आहे, कारण पट्टीची रक्कम खात्यावर जाते. जीएसटी अ‍ॅपला ते रकाने लागत नाहीत.

शिरोली_नाका | सोमवार, दुपारी ३:२५

मग गूगलच्या स्कोपने तुमचं काम होणार नाही. ड्राइव्हची परवानगी फाइलला असते, रकान्याला नसते. आणि अडत्याने गूगलवर 'परवानगी आहे' दाबलं म्हणजे शेतकऱ्याने त्याचा खाते क्रमांक तिसऱ्या कंपनीला द्यायला हो म्हटलं असं होत नाही. हा मुद्दा हलका घेऊ नका. गुऱ्हाळाच्या हंगामात एका अडत्याकडे कित्येक गावांचे शेतकरी असतात आणि त्यांच्यातल्या कुणीच हे संमतीचं पान पाहिलेलं नसतं.

तुमच्या कामाला खरा मार्ग हा: पट्टी अ‍ॅपने स्वतःचा एपीआय द्यायचा आणि त्या एपीआयसाठी स्वतः ऑथ सर्व्हर व्हायचं. गूगलचं टोकन पट्टी अ‍ॅपच्या घरातून बाहेर पडतच नाही. जीएसटी अ‍ॅपला तुमचं टोकन मिळतं, तुमच्या स्कोपचं, तुमच्या मुदतीचं. कुठले रकाने द्यायचे ते तुमचा एपीआय ठरवतो.

गूळ_सौदा | सोमवार, संध्याकाळी ५:४५

सौदे आटोपून लिहितोय. छोट्या अडत्यांसाठी एवढा सर्व्हर उभारायची गरज नसेल तर साधा मार्गही आहे. पट्टी अ‍ॅपने त्याच ड्राइव्हमध्ये दुसरी शीट लिहायची, तीत फक्त तारीख, पट्टी क्रमांक, वजन, दर, हमाली, तोलाई, रक्कम. मोबाईल नाही, खातं नाही. ही शीट अडत्याने जीएसटी अ‍ॅपच्या सर्व्हिस अकाउंटच्या (माणसाऐवजी अ‍ॅपसाठी काढलेल्या गूगल खात्याच्या) ईमेलला 'व्ह्यूअर' म्हणून शेअर करायची. कुणाचं टोकन कुणाला जात नाही, गूगलचं संमतीचं पान उघडत नाही. नको झालं की शेअर काढून टाकायचं, पट्टी अ‍ॅप चालूच.

दोन गोष्टी जपा. मूळ शीटमधले रकाने नुसते लपवून तीच शीट शेअर करू नका, एपीआयमधून लपवलेले रकानेही वाचता येतात. आणि शीटमधल्या सूत्राने दुसऱ्या शीटवर ओळी ओढण्यापेक्षा अ‍ॅपमधूनच दोन्ही जागी लिहा. इम्पोर्टरेंजचं सूत्र ज्याच्या हातात संपादनाचा हक्क आहे तो बदलू शकतो आणि मूळ शीटमधले हवे ते रकाने ओढू शकतो.

ताराराणी_चौक | सोमवार, संध्याकाळी ६:१०

@गूळ_सौदा बरोबर आहे, आणि पाच-दहा अडत्ये असतील तर हेच करावं असं माझंही मत. फक्त सर्व्हिस अकाउंटची जेसन की फाइल आपणहून संपत नाही, ती जीएसटीवाल्यांच्या गिटमध्ये (कोडच्या साठ्यात) गेली की सगळ्या अडत्यांच्या शीट एकदम उघड्या. अडत्यागणिक वेगळं सर्व्हिस अकाउंट काढलं तर एक फुटलं तरी एकाचंच जातं.

उद्यमनगर_कोडर | मंगळवार, सकाळी ९:५०

अडत्ये बरेच आहेत आणि अजून दोन अ‍ॅप रांगेत आहेत, त्यामुळे स्वतःचा ऑथ सर्व्हर हाच मार्ग घेतोय. जोडणीचा क्रम कसा असावा? आणि रात्री ११ ला अडत्या समोर नसणार, तेव्हा टोकन कुठून?

शिरोली_नाका | मंगळवार, सकाळी १०:४०

जीएसटी अ‍ॅपची तुमच्याकडे क्लायंट म्हणून नोंद करा. रिडायरेक्ट यूआरआय (परवानगीनंतर परत पाठवायचा पत्ता) अक्षरन्‌अक्षर जुळवून तपासा, शेवटची तिरकी रेघसुद्धा. 'या डोमेनवरचं काहीही चालेल' असं लिहिलं की ऑथ कोड (जो देऊन टोकन मिळतं तो तात्पुरता कोड) भलतीकडे जायला वाट मिळते. सर्व्हरवरचं अ‍ॅप असलं तरी पीकेसीई (ऑथ कोड चोरीला गेला तरी दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणूनची पडताळणी) लावा: व्हेरिफायर ४३ ते १२८ अक्षरं, पद्धत एस२५६. ऑथ कोड एकदाच चालेल असा. प्रमाण १० मिनिटांपर्यंत मुभा देतं, पण १ मिनिट पुष्कळ झालं. स्टेट (विनंतीसोबत जाऊन तशीच परत येणारी खूण) ब्राउझरच्या सेशनला बांधा, नाहीतर दुसऱ्याची परवानगी आपल्या खात्याला चिकटवता येते.

अडत्या पट्टी अ‍ॅपमध्ये 'जीएसटी अ‍ॅप जोडा' दाबतो. तुम्ही त्याला जीएसटी अ‍ॅपच्या सुरुवातीच्या पानावर पाठवायचं, सोबत टोकन-बिकन काही नाही. तिथून जीएसटी अ‍ॅप त्याला स्टेट आणि पीकेसीईसह तुमच्या संमतीच्या पानावर पाठवतं. सुरुवात नेहमी ज्याला परवानगी पाहिजे त्याच्याकडून व्हावी, कारण स्टेट त्याच्या सेशनला बांधायची असते. अडत्या पट्टी अ‍ॅपमध्ये आधीच लॉगिन असतो, म्हणून त्याला एकच बटण दिसतं. गूगलचं पान मध्ये येतच नाही, त्यांची तक्रार इथं मिटते.

संमतीच्या पानावर मराठीत आणि ठोस लिहा. 'जीएसटी अ‍ॅप तुमच्या पट्ट्यांमधली तारीख, वजन, दर, हमाली, तोलाई आणि देय रक्कम रोज रात्री एकदा वाचेल. शेतकऱ्यांचे मोबाईल आणि बँक खाती दिसणार नाहीत. मुदत ३१ मार्च.' ग्राहकाच्या संमतीने आर्थिक माहिती पोचवणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्थेत संमतीच्या दस्तऐवजात कुणाला, कशासाठी, कोणत्या काळातला डेटा, किती वेळा आणि कधीपर्यंत हे सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या डेटाबेसमध्ये संमतीची ओळ त्याच धर्तीवर ठेवा.

रात्रीच्या कामासाठी जीएसटी अ‍ॅपला तुम्ही स्वतःचं रिफ्रेश टोकन द्यायचं, त्याच्या क्लायंटला बांधलेलं आणि रोटेशनसह. अ‍ॅक्सेस टोकन ५ मिनिटांचं. क्लायंटची ओळख सामायिक सीक्रेटने पटवण्यापेक्षा प्रायव्हेट की जेडब्ल्यूटीने (खाजगी चावीने सही केलेल्या टोकनने) पटवा, म्हणजे तुमच्या डेटाबेसमध्ये त्यांचं सीक्रेट राहतच नाही, फक्त पब्लिक की राहते.

गूळ_सौदा | मंगळवार, सकाळी ११:१५

मुदत ३१ मार्च ठेवू नका. महिन्याने विवरणपत्र भरणाऱ्याचं मार्चचं जीएसटीआर-१ हे ११ एप्रिलला आणि जीएसटीआर-३बी २० एप्रिलला असतं. ३१ मार्चला दार बंद केलंत तर ऐन धावपळीत मार्चच्या पट्ट्या मिळणार नाहीत. डेटा ३१ मार्चपर्यंतचा, पण वाचायची मुदत ३० एप्रिल, अशा दोन वेगळ्या तारखा ठेवा.

पंचगंगा_घाट | मंगळवार, दुपारी १२:३०

@गूळ_सौदा साहेब, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. टोकनची मुदत, संमतीची मुदत आणि डेटाचा काळ हे तीन वेगळे रकाने झाले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी एकच 'एक्सपायरी' असते आणि तिन्ही अर्थ तिच्यात कोंबलेले असतात.

आता टोकन एक्सचेंजबद्दल (एक टोकन देऊन दुसरं घेण्याबद्दल), कारण इथं कुणीतरी ते विचारणारच. आरएफसी ८६९३, जानेवारी २०२०. गूगलकडचं टोकन एक्सचेंज वर्कलोड आयडेंटिटी फेडरेशनसाठी (बाहेरच्या सर्व्हरला गूगल क्लाउड वापरू देण्यासाठी) आहे, एका अ‍ॅपचं वापरकर्ता टोकन दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपला बदलून द्यायला नाही. त्यामुळे गूगलच्या बाबतीत तो विषय संपला. पण तुमचा स्वतःचा ऑथ सर्व्हर असेल तर पुढच्या साखळीसाठी तेच योग्य हत्यार आहे.

समजा जीएसटी अ‍ॅप पीडीएफ छपाईसाठी तिसऱ्या सेवेला बोलावतं आणि त्या सेवेला पट्टी एपीआयमधून एकच पट्टी वाचायची आहे. जीएसटी अ‍ॅपने आपलं टोकन पुढे ढकलायचं नाही. ते तुमच्या टोकन एंडपॉइंटला (टोकन मागायच्या पत्त्याला) पोस्ट करतं: ग्रँट टाइपमध्ये टोकन एक्सचेंजचा यूआरएन (ठरलेलं नाव), सब्जेक्ट टोकन म्हणून अडत्याच्या वतीने मिळालेलं टोकन, सब्जेक्ट टोकन टाइप (हे सक्तीचं आहे, विसरलात तर 'इनव्हॅलिड रिक्वेस्ट'), ऑडियन्स म्हणून पट्टी एपीआय, आणि आधीपेक्षा अरुंद स्कोप. छपाई सेवेची ओळख अ‍ॅक्टर टोकनमध्ये, आणि ते दिलं तर अ‍ॅक्टर टोकन टाइपही द्यावाच लागतो. उत्तरात नव्या टोकनसोबत इश्यूड टोकन टाइप येतो. मागितलेली ऑडियन्स सर्व्हरला मान्य नसेल तर 'इनव्हॅलिड टार्गेट'.

नव्या टोकनमध्ये 'सब' (टोकन कुणाच्या वतीने आहे ती ओळख) अडत्याचा राहतो आणि 'अ‍ॅक्ट' या दाव्यात (टोकनमधल्या माहितीच्या रकान्यात) छपाई सेवेचं नाव येतं. साखळी लांबली तर 'अ‍ॅक्ट'च्या आत 'अ‍ॅक्ट'. सर्वांत बाहेरचा तो आत्ता काम करणारा, आतले आधीचे. परवानगी ठरवताना फक्त बाहेरचाच धरायचा, आतले लॉगसाठी. कोणाला कोणाच्या वतीने काम करायची मुभा आहे ते मूळ टोकनमध्ये 'मे अ‍ॅक्ट' दाव्याने आधीच लिहिता येतं.

'अ‍ॅक्ट' न ठेवताही एक्सचेंज करता येतं, मग छपाई सेवा हुबेहूब अडत्या म्हणून वावरते. दोन कंपन्यांमध्ये तसं करू नका. पैशांचा हिशोब आहे, कुणी वाचलं ते लॉगमध्ये दिसलंच पाहिजे.

कीक्लोक (तयार मिळणारा ऑथ सर्व्हर) वापरत असाल तर २६.२ पासून प्रमाणित टोकन एक्सचेंज अधिकृतपणे आहे. क्लायंट कॉन्फिडेन्शियल (स्वतःचं सीक्रेट जपू शकणारा) हवा आणि त्याच्या सेटिंगमध्ये ते चालू करावं लागतं. एक्सचेंज मागणारा क्लायंट मूळ टोकनच्या ऑडियन्समध्ये नसेल तर विनंती नाकारली जाते. बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. ऑडियन्स मॅपर लावून तो क्लायंट आधी आत घ्या. अ‍ॅक्टर टोकनचा भाग मात्र २६.२ मध्ये नाही, 'अ‍ॅक्ट' पाहिजे असेल तर वेगळी सोय करावी लागेल.

रंकाळा_०९ | मंगळवार, दुपारी १:१०

म्हणजे रात्री ११ च्या कामाला एक्सचेंज चालणार नाही?

पंचगंगा_घाट | मंगळवार, दुपारी १:२५

नुसतं एक्सचेंज नाही. बदलायला जिवंत सब्जेक्ट टोकन लागतं आणि रात्री ११ ला अडत्या झोपलेला. आधी रिफ्रेश टोकनने जीएसटी अ‍ॅपचं अ‍ॅक्सेस टोकन ताजं करायचं, मग त्याच्यावरून छपाईसाठी एक्सचेंज.

ताराराणी_चौक | मंगळवार, दुपारी ३:४०

ही सगळी इमारत पट्टी अ‍ॅपच्या गूगल टोकनवर उभी आहे, तेव्हा तेही धड ठेवा.

गूगल प्रोजेक्ट 'टेस्टिंग' स्थितीत असेल तर ड्राइव्हसारख्या स्कोपची रिफ्रेश टोकन ७ दिवसांत मरतात. 'दर आठवड्याला परवानगी जाते' अशी तक्रार आली की आधी हे बघा. एका गूगल खात्याला एका क्लायंट आयडीमागे १०० रिफ्रेश टोकनांची मर्यादा आहे. १०१ वं निघालं की सर्वांत जुनं गुपचूप बाद होतं. दर लॉगिनला 'प्रॉम्प्ट कन्सेंट' (संमतीचं पान पुन्हा दाखवणारी सेटिंग) लावलं तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. पहिल्या जोडणीला 'अ‍ॅक्सेस टाइप ऑफलाइन' (रिफ्रेश टोकन मागणारी सेटिंग) आणि 'प्रॉम्प्ट कन्सेंट', पुढे फक्त टोकन गेलं तरच. सहा महिने न वापरलेलं टोकनही बाद होतं. हंगाम संपल्यावर जो अडत्या अ‍ॅप उघडतच नाही त्याचं दिवाळीत पहिल्याच पट्टीला अडतं. महिन्यातून एकदा रिफ्रेश करून ठेवा.

गूगलच्या पानावर वापरकर्ता काही स्कोपची खूण काढू शकतो. म्हणून परत आलेला स्कोप वाचा, मागितलेला तोच मिळाला असं धरू नका.

आणि दुकानातला संगणक एक, गूगल खाती तीन: दुकानाचं, मुलाचं, दिवाणजींचं. पुन्हा जोडणी करताना चुकून मुलाच्या खात्यातून परवानगी गेली की पट्ट्या त्याच्या ड्राइव्हमध्ये उतरायला लागतात. 'लॉगिन हिंट'मध्ये जुनं खातं द्या, परत आल्यावर आयडी टोकनमधला 'सब' जुन्याशी जुळतो का ते तपासा, जुळला नाही तर थांबवून विचारा. ओळख 'सब'वर ठेवा, ईमेलवर नाही. ईमेल बदलतो.

उद्यमनगर_कोडर | बुधवार, सकाळी १०:०५

हे सगळं आराखड्यात घेतलं. चाचणी सर्व्हरवर एक विचित्र गोष्ट दिसतेय. ५ मिनिटांचं जेडब्ल्यूटी (आमचं अ‍ॅक्सेस टोकन) जीएसटीवाल्यांकडे साडेपाच तास चालू असल्यासारखं दिसतं, मग आमच्याकडून ४०१ (टोकन चालत नाही) येतो आणि ते म्हणतात टोकन तर ताजं आहे.

पंचगंगा_घाट | बुधवार, सकाळी १०:२०

त्यांच्या कोडमध्ये 'एक्स्पायरी' दाव्यावर १९८०० सेकंद मिळवले जातायत, म्हणजे ५ तास ३० मिनिटं. तो दावा १ जानेवारी १९७० यूटीसीपासूनचे सेकंद असतो, त्याला भारतीय वेळेत आणायचंच नसतं. तुलना सेकंदांची सेकंदांशी. त्यांना लायब्ररीचीच तपासणी वापरायला सांगा. सर्व्हरच्या घड्याळांसाठी एनटीपी (वेळ जुळवणारी सेवा) चालू ठेवा आणि फरकाची मुभा ३० ते ६० सेकंद, जास्त नको.

उद्यमनगर_कोडर | बुधवार, दुपारी १२:००

सापडलं, तेच होतं. आता शेवटचं. अडत्याने परवानगी काढली तर ती दोन्हीकडे कशी पोचवायची?

शिरोली_नाका | बुधवार, दुपारी १२:४५

दोन वेगळे प्रसंग आहेत, दोन्हींची चाचणी वेगवेगळी घ्या.

एक, अडत्या पट्टी अ‍ॅपमध्ये 'जीएसटी अ‍ॅप काढा' दाबतो. तुम्ही त्या संमतीची ओळ बंद करायची आणि तिच्यावरून निघालेली सगळी रिफ्रेश टोकन बाद करायची. हातात असलेलं जेडब्ल्यूटी मात्र ५ मिनिटांपर्यंत चालेल. तेही नको असेल तर एपीआयने प्रत्येक हाकेला संमतीची ओळ बघावी. तुमचा एपीआय आणि डेटाबेस एकाच घरात आहेत, त्यामुळे खर्च नगण्य. जीएसटी अ‍ॅपकडून काढलं गेलं तर त्यांनी आरएफसी ७००९ प्रमाणे तुमच्या रिव्होकेशन एंडपॉइंटला (टोकन रद्द करायच्या पत्त्याला) कळवायचं. टोकन आधीच बाद असलं तरी तो २०० (काम झालं) च देतो, त्यात चूक नाही.

दोन, अडत्या गूगलच्या पानावरून पट्टी अ‍ॅपलाच काढतो. तुम्हाला रिफ्रेशला 'इनव्हॅलिड ग्रँट' येईल. ते आलं की तासातासाला प्रयत्न करत राहू नका. अडत्याचं खातं 'पुन्हा जोडा' स्थितीत टाका, त्याला संदेश द्या. जीएसटी अ‍ॅपला ५०० (सर्व्हरची चूक) देऊ नका. तुमच्या आणि त्यांच्यातलं टोकन शाबूत आहे, म्हणून ४०१ ही नको, नाहीतर ते बिचारे टोकन ताजं करत बसतील. ४०३ द्या आणि सोबत वेगळा संकेत, 'मूळ परवानगी नाही'. लगेच कळायला पाहिजे असेल तर गूगलच्या क्रॉस-अकाउंट प्रोटेक्शनमध्ये टोकन रद्द झाल्याचा संदेश तुमच्या एंडपॉइंटवर येतो. त्याची सही गूगलच्या पब्लिक कीने तपासून मगच माना.

गूळ_सौदा | बुधवार, संध्याकाळी ६:३०

'पुन्हा जोडा'चा संदेश दुपारी सौदे चालू असताना पाठवू नका, कुणी बघणार नाही. संध्याकाळी पाठवा आणि पट्टीच्या पानावर वर लाल पट्टीत ठेवा. तोवरच्या पट्ट्या अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये साठवून ठेवा आणि जोडणी झाल्यावर पट्टी क्रमांकाच्या क्रमाने शीटमध्ये घाला. एकच पट्टी दोनदा उतरली तर जीएसटी अ‍ॅपमध्ये रक्कमही दोनदा धरली जाईल, म्हणून शीटमध्ये घालण्याआधी तो क्रमांक आधीच आहे का ते बघूनच घाला.

उद्यमनगर_कोडर | गुरुवार, सकाळी ९:३०

पट्टी क्रमांकावर युनिक बंधन टाकलंय, आणि जीएसटीवाल्यांनाही त्याच क्रमांकावर नोंद घ्यायला सांगितलंय. दोन्ही प्रसंगांची चाचणी आज त्यांच्यासोबत बसून घेतोय.